वाटेवरचे गाव

स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळातल्या आपल्या मित्राचा फोन आला, तेव्हा विषयही त्यानेच सांगितला. म्हणाला, "गावाचा इतिहास लिही. पण थापा नको मारू, सर वाचणार आहेत."

सर वाचणार म्हटल्यावर आधी घाम फुटला. इतिहासाच्या पुस्तकात मोडनिंबचे नाव कधी आले नव्हते, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. पंढरपूर होते, मंगळवेढा होते, सोलापूरचा मार्शल लॉ होता, मोडनिंब नव्हते. नववीत कुणीतरी तसे विचारलेही होते. तेव्हा सर म्हणाले होते, "पुस्तकात नाही म्हणून इतिहास नाही, असं नसतं. गावात चूल कशावर पेटत होती ते विचारा, इतिहास तिथंच सापडतो." तो प्रश्न सोडवायला मला चाळीस वर्षे लागली. सर, उत्तरपत्रिका उशिरा देतोय, तपासून घ्या.

माझे उत्तर एका ओळीत असे आहे: मोडनिंब हे वाटेवरचे गाव आहे आणि ते वाटेवरच्या माणसांवर जगत आले आहे. शेती होतीच, पण माढा तालुक्यातली कोरडवाहू शेती. एक वर्ष पिकले तर दोन वर्षे तोंडाकडे बघायला लावणारी. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात होती. अशा मुलखात वाट हेच एक बारमाही पीक.

या वाटेचे पहिले धनी म्हणजे वारकरी. पंढरपूर आपल्यापासून तासाभराच्या आतले. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या. माउलींची आणि तुकोबांची पालखी आपल्याकडून जात नाही, ती माळशिरस तालुक्यातून वाखरीला उतरते. पण पैठणहून निघालेली नाथांची पालखी परांडा, कुर्डू, अरण, करकंब अशी येते, आणि मराठवाड्याकडच्या लहानमोठ्या दिंड्या आपल्याच रानातून पंढरीची वाट धरतात.

अरण तर आपल्या शेजारचे. सावता महाराजांचे गाव, त्यांची समाधीही तिथेच, शके 1217 ची, म्हणजे इ. स. 1295 ची. लहानपणी त्याचे काही वाटले नाही, पण आता त्या गोष्टीचा विचार करतो तेव्हा ती आपल्याच मुलखात घडली याचे नवल वाटत नाही. सगळी दुनिया पंढरपूरला निघालेली. वाट दारावरून जाते. आणि हा माणूस मळ्यात खुरपे घेऊन बसलेला. त्याला तिथेच विठ्ठल दिसला. म्हणूनच परंपरा अशी की, बाकीच्या संतांच्या पालख्या देवाच्या भेटीला जातात, पण आषाढी झाली की पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला येते. देवालाही वाट करून यावे लागते ते कामात असलेल्या माणसाकडे. वाटेवर राहून स्वतःचे काम न सोडणाऱ्यांचा हा मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही.

वाट पायाची होती तोवर गावाला तिच्यापासून पुण्य मिळत होते. पैसा मिळू लागला तो रेल्वे आल्यावर. बार्शी लाईट रेल्वे ही लंडनमध्ये 1895 साली नोंदलेली कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर तिची आखणी केली. आधी 1897 मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, असा फाटा झाला. बार्शीचा कापूस आणि धान्य मुख्य लाईनला आणून घालणे हा त्याचा हेतू. पण कंपनीने पुढे हिशेब केला तो पंढरीच्या यात्रेकरूंचा, आणि 1906 मध्ये कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग सुरू झाला. पुढे एका बाजूला लातूर आणि 1927 पर्यंत दुसऱ्या बाजूला मिरज असा हा सव्वातीनशे किलोमीटरचा पसारा झाला. 1954 मध्ये तो सरकारने विकत घेतला. या मार्गावरचे आपले स्टेशन.

त्या छोट्या गाडीचे वर्णन मी करत बसत नाही, सगळ्यांनीच तिच्यातून फुकट प्रवास केलाय. इतकेच सांगतो की, माझ्या घरची चूल त्या स्टेशनावर पेटत होती. आमचे अण्णा स्टेशनाबाहेर चहाची किटली घेऊन उभे राहायचे. एरवी गाडीला दहा-पंधरा कप. आषाढीला मात्र माणूस टपावर, दारात, डब्यांच्या सांध्यावर, मिळेल तिथे. अशा चार दिवसांत अण्णांनी महिन्याची कमाई करायला हवी होती. ते करत नसत. एकादशीच्या आदल्या दोन दिवसांत गळ्यात माळ आणि खांद्यावर पताका असलेल्या माणसाकडून ते पैसे घेत नसत. आई वैतागायची. "वर्षाचं पीक दारात आलंय आनि तुमी ते वाटून टाकताय," असे म्हणायची. अण्णांचे उत्तर ठरलेले होते: "परतीला घेतो की."

आणि खरेच परतीला घेत. देव भेटून आलेला माणूस त्यांच्या लेखी पुन्हा गिऱ्हाईक. जाताना पाव्हणा, येताना गिऱ्हाईक. हे गणित मला त्या वयात कळले नाही, पण वाटेवरच्या धंद्याचा सगळा धर्म त्यात आहे, असे आता वाटते. ज्याच्यावर पोट आहे त्याला सगळा विकायचा नसतो. थोडा वाढायचाही असतो. पंढरपूरची आपली पाव्हणे मंडळीही हेच सांगतील. बुक्का, कुंकू, चुरमुरे, तुळशीमाळा, टाळ, घोंगडी यांवर जगणारी ती पेठ चार वाऱ्यांच्या पंधरा-वीस दिवसांत वर्षाची बेगमी करते, आणि त्याच दिवसांत घरातली एक खोली, न्हाणीघर, चूल वारकऱ्याला मोकळी करून देते. ज्या घराने नुसतेच विकले त्याच्याकडे दिंडी पुढच्या वर्षी उतरत नाही.

दुसरी वाट सडकेची. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद करत थेट मच्छलीपट्टणमला जाणारा हा रस्ता. आपल्या वेळी त्याला नऊ नंबरचा हायवे म्हणायचे, आता तो पासष्ट नंबरचा झाला. राज्यात एस.टी. 1948 मध्ये सुरू झाली आणि मग हळूहळू गावाचे तोंड स्टेशनाकडून सडकेकडे वळले. अण्णांची किटलीही वळली. दहावीपर्यंत मी गाड्यावरच अभ्यास केला, हे मित्रांना माहीत आहे. त्यातल्या निम्म्यांनी तिथे उधारी ठेवली आहे. ती या मेळाव्यात वसूल करणार आहे.

सडकेवरचे आपले पीक म्हणजे बोर. खडकाळ रान, पाण्याचा पत्ता नाही, अशा ठिकाणी दुसरे काय येणार? गावठी बोरीवर उमराणचा डोळा भरायचा, उन्हाळ्यात छाटणी करायची, पाऊस पडेल तेवढ्यावर झाड आपले आपण फुटते आणि संक्रांतीच्या सुमाराला माल तयार. पुढे 1990 मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. ज्या हातांनी दुष्काळात खडी फोडली त्याच हातांना आता स्वतःच्या बांधावर खड्डे घेण्याची मजुरी मिळाली. बोरी वाढल्या, डाळिंबी आल्या, आणि आपल्या बाजारातले बोरांचे न् डाळिंबांचे सौदे ऐकायला लांबलांबून व्यापारी येऊ लागले.

पण आपल्या वर्गाची बोरे ही बाजारातली नव्हेत. आपली बोरे एस.टी.च्या खिडकीतली. सकाळची शाळा सुटली की निम्मा वर्ग पाट्या घेऊन थांब्यावर. गाडी थांबायची तीन-चार मिनिटे. तेवढ्यात खिडकी हेरायची, माप ओतायचे, पैसे घ्यायचे, सुटे परत द्यायचे. माझे गणित थांब्यावर पक्के झाले, वर्गात नाही. मात्र एक कबुली द्यायची आहे. गाडी हलली की सुटे पैसे द्यायला आपण मुद्दाम उशीर करायचो. पुण्या-मुंबईचा माणूस खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतोय आणि आपण मागे पळण्याचे नाटक करतोय. त्या आठ-आठ आण्यांचे आपण फुटाणे खाल्ले. कुणाला तरी ते बोर आंबट लागले असेल तर त्याचे कारण झाड नव्हे.

आता तिसऱ्या चुलीबद्दल. स्मरणिकेत हे लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. पण सरांनी चूल विचारली होती, आणि ही चूल टाळून गावाचा इतिहास लिहिला तर तो थापच ठरेल.

मोडनिंबचे नाव राज्यात दोन कारणांनी घेतले जाते. बोरे-डाळिंबे हे एक, आणि दुसरे थिएटर. बाहेरगावी नोकरीला लागल्यावर "कुठले?" या प्रश्नाला "मोडनिंब" म्हटले, की समोरचा डोळे मिचकावतो, हा अनुभव आपल्यातल्या प्रत्येक पुरुषाला आहे. बायकांना त्या हसण्याचा त्रास किती झाला असेल, हे मी कधी विचारले नाही. आपण मग "माढा तालुका" किंवा "सोलापूर साइड" म्हणायला शिकलो.

संगीत बारी म्हणजे काय हे आपल्यालाही नीट ठाऊक नव्हते. ढोलकी फडाचा तमाशा गावोगाव फिरतो, कनात लावतो, वग करतो. संगीत बारी एका जागी राहते. एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात. प्रत्येकीच्या स्वतःच्या नाचणाऱ्या, गाणाऱ्या, पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. आळीपाळीने बारी होते, आणि मग खास गिऱ्हाइकापुढे बैठक. पार्टीची खरी मिळकत दौलतजादा आणि बैठक यांवर. कमावणारी बाई एक आणि खाणारी तोंडे दहा, हे बहुतेक घरांचे गणित. हायवे, आठवडी बाजार, उसाचा पैसा आणि मुक्कामाला थांबणारा ट्रक ज्या गावात एकत्र येतात तिथेच अशी थिएटरे उभी राहतात. आपले गाव तसे आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांनी 1994 मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' लिहिले, तेव्हा या घरांत वाढणाऱ्या मुलाचे शाळेत काय होते ते महाराष्ट्राला कळले. ते डॉक्टर झाले आणि वडिलांच्या जागी आईचे नाव लावत राहिले. मी ते पुस्तक वाचले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो. वाचून झाल्यावर मला आठवली ती आपल्या वर्गातली मुलगी.

तिचे नाव लिहीत नाही, तिला न विचारता ते लिहिण्याचा मला हक्क नाही. पण ती कोण हे तुम्हाला कळले आहे. शेवटच्या बाकावर बसायची. अक्षर छापल्यासारखे. भूमितीत आपल्या सगळ्यांच्या पुढे. आणि ती फळ्याजवळ जायला उठली, की मागून कुणीतरी बाकावर ढोलकीचा ठेका धरायचे. ते "कुणीतरी" म्हणजे आपण. कधी तू, कधी तो, दोन-तीनदा मी. सर आले की ठेका थांबायचा, त्यामुळे आपल्या सरांना आणि बाईंना ते माहीत नसावे. आज सांगतो.

नववीत सहामाहीआधी ती चार दिवस आली नव्हती. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने माझी इतिहासाची वही मागितली. मी इकडेतिकडे पाहिले. मित्र पाहत होते. "माझी लिहून व्हायचीय," असे सांगितले. वही पूर्ण होती. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. वही मिळाली असती तर ती आली असती, असे मी म्हणत नाही; तिच्या न येण्याची कारणे वहीपेक्षा मोठी होती. पण माझ्या हातात होते तेवढे मी केले नाही, एवढे खरे.

त्यानंतर दोन वर्षांनी हिवाळ्यातल्या एका पहाटे ती आमच्या गाड्यावर आली. बरोबर दोन बायका आणि पेटीवाला. बैठक संपवून आल्या होत्या. मी कप विसळत होतो, मान वर केली नाही. अण्णा म्हणाले, "बसा ताई, आलं घालून करतो." सगळ्यांना देतात त्याच कपात चहा दिला, सगळ्यांकडून घेतात तेवढेच पैसे घेतले. त्या गेल्यावर मी काहीतरी बोललो. काय ते इथे लिहिण्यासारखे नाही. अण्णांनी किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "त्या बी वाटंवरच्या मान्सावर जगत्यात आनि आपुन बी. फरक इतकाच, आपल्याला रात्री निजाय मिळतं."

गावाच्या अर्थशास्त्रावर याहून नेमके वाक्य मी नंतर कुठे ऐकले नाही.

नंतरचा इतिहास वेगाने सांगतो, कारण तो तुम्ही पाहिलाय. नव्या शतकाच्या सुरुवातीला पंढरपूर लाईन रुंद झाली आणि छोटी गाडी गेली. उजनीचे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले होते. जसजसे पाणी आले तसतसा ऊस आला आणि बोरी निघाल्या. डाळिंबाने काही वर्षे सोने दाखवले, मग तेल्या रोगाने बागाच्या बागा उपटायला लावल्या. 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर कित्येकांचे हात भाजून झाले होते. सडक चौपदरी झाली. गाड्या आता थांबत नाहीत, सुसाट जातात. थांबतात त्या मोठ्या हॉटेलांवर, जिथे पार्किंग आहे. खिडकीत बोरे विकणारे पोर आता दिसत नाही, कारण खिडकीच उघडत नाही. त्या पोराने शाळेत असावे हे चांगलेच. पण त्याच्या घरात पाटीचे पैसे येत होते, ते कुठून येतात हे कुणी विचारले नाही.

2020 च्या आषाढीला वाट पहिल्यांदा पूर्ण रिकामी पाहिली. पालख्या निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. थिएटरे बंद, हॉटेले बंद. शेतकऱ्याला निदान घरचे दाणे होते. वाटेवर जगणाऱ्याची वाटच बंद झाली की त्याच्याकडे काहीच उरत नाही, हे तेव्हा समजले. बारीतल्या बायकांना त्या काळात किराणा पोचवणारे काही जण आपल्या बॅचचे होते. त्यांनी नावे छापू नका म्हणून सांगितले आहे, म्हणून छापत नाही.

अलीकडे कृषी पर्यटन आले आहे. त्याच वर्षी सरकारने त्याचे धोरणही आणले. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी देवदर्शनाची फेरी करणारी कुटुंबे आपल्या भागात एक दिवस थांबावीत, शेतात जेवावीत, हुरडा खावा, बैलगाडीत बसावे, अशी कल्पना. आपल्या दोघा मित्रांनी धाडस केले आहे आणि त्यांचे बरे चालले आहे. मालदांडी ज्वारीचा 35-1 हा वाण शेजारच्या मोहोळमध्ये निवडला गेला, ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगतात, हे मला फार आवडले. त्यातला एक मला म्हणाला, "हुरड्याचे पैसे घेताना पहिल्या दिवशी हात थरथरला रे. बापानं कधी घेतले नव्हते." मी त्याला अण्णांचे सूत्र सांगितले: जाताना पाव्हणा, येताना गिऱ्हाईक. त्याने मग एक रीत पाडली. शेताच्या बांधावर पहिली कणसे भाजून हातावर देतो, त्याचे पैसे नाहीत. बिल ताटापासून सुरू. सावतोबांच्या शेजारी राहून एवढे तरी जमायलाच हवे.

सर, असा हा इतिहास. तारखा कमी आहेत, त्यासाठी मार्क कापा. पण प्रश्नाचे उत्तर दिले आहे: या गावाची चूल वारकऱ्याच्या परतीच्या चहावर, खिडकीतल्या बोरावर आणि पहाटेपर्यंत चाललेल्या चाळांवर पेटली. त्यातल्या दोन चुलींचा आपण अभिमान बाळगला आणि तिसरीचा फक्त पैसा चालवून घेतला.

शेवटी मेळाव्याच्या संयोजकांना एक विनंती. आपली निमंत्रणांची यादी दहावी पास झालेल्यांच्या हजेरीपटावरून केली आहे, असे कळले. सोयीचे तेच होते. पण पाचवीला आपण जितके होतो, तितके दहावीला नव्हतो. कुणी ऊसतोडीला गेले, कुणी हॉटेलात फडके मारायला, काही मुलींची लग्ने झाली, आणि एकीला चाळ बांधावे लागले. ते सगळे आपल्या वर्गातलेच. पुढच्या वेळी यादी पाचवीच्या रजिस्टरवरून करू या. पत्ते शोधायचे काम मी घेतो. गाड्यावर वाढलेल्या पोराला गावातली माणसे शोधणे अवघड नाही.

तिचा पत्ता मला मिळाला आहे. लेख देण्याआधी तिच्याकडे जाऊन आलो. हे छापू का, असे विचारले. तिने सगळा लेख ऐकून घेतला, आणि म्हणाली, "नाव नको, बाकी राहू दे. पण भूमितीत मी पुढं होते, ते मात्र काढू नको."

काढलेले नाही.